बदलते पाहुणे : थायलंडच्या पर्यटनाचा आर्थिक इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, जगाशी असलेली आर्थिक ओळख तांदूळ, सागवान, कथील आणि पुढे रबर या चार जिनसांपुरती होती. राजा मोंगकुट याने १८५५ मध्ये ब्रिटिशांशी केलेल्या बाउरिंग तहाने आयात मालावरील जकात तीन टक्क्यांवर बांधली गेली आणि चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला तांदूळ परदेशी जहाजांसाठी मोकळा झाला. तेव्हापासून पुढची शंभर वर्षे बँकॉकचा खजिना, राजधानीतील चिनी वंशाच्या गिरणीमालकांचा नफा आणि खेड्यांतील शेतकऱ्याचे कर्ज हे सारे तांदळाच्या भावाशी जोडलेले राहिले. सरकारने निर्यातीच्या तांदळावर ‘राइस प्रीमियम’ या नावाचा कर बसवला होता आणि तो १९८६ पर्यंत टिकला. या कराने शहरातला भात स्वस्त राहिला, पण शेतकऱ्याच्या हाती पडणारी किंमत कायम दबलेली राहिली, आणि पुढे पर्यटनाला जे मुबलक स्वस्त मनुष्यबळ मिळाले त्याचे एक मूळ या धोरणात आहे.

१९६० मध्ये या देशात सुमारे ८१,००० परदेशी प्रवासी आले होते. २०१९ मध्ये ही संख्या चार कोटींच्या जवळ पोहोचली, म्हणजे दर दोन थाई नागरिकांमागे एकाहून अधिक पाहुणा. या साठ वर्षांत जगातील पैशाचा ओघ जसजसा सरकत गेला तसतसे पाहुणेही बदलले. आधी अमेरिकी सैनिक आले, मग युरोपीय आणि जपानी आले, त्यानंतर चिनी आणि अलीकडे भारतीय. कोविडच्या साथीपर्यंत प्रत्येक आर्थिक संकटात पर्यटनाने थायलंडच्या राज्यकर्त्यांना हात दिला. आणि हा हात इतक्या सहज मिळत गेला की शेती, शिक्षण व उत्पादकता यांतील अवघड दुरुस्त्या लांबणीवर टाकणे त्यांना परवडत राहिले.

या कथेचा आरंभ फील्ड मार्शल सरित थनारत यांच्या राजवटीपासून करावा लागतो. सप्टेंबर १९५७ मधील बंडाने सत्तेकडे पोहोचलेल्या आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संविधान, संसद व पक्ष मोडीत काढून निर्वेध झालेल्या सरित यांना आपली हुकूमशाही विकासाच्या भाषेत मांडायची होती. त्याच सुमारास जागतिक बँकेचे एक पथक देशाची पाहणी करत होते आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने सरकारी कारखान्यांऐवजी रस्ते, वीज व खासगी भांडवल यांवर भर देण्याचा सल्ला दिला. राष्ट्रीय आर्थिक विकास मंडळ स्थापन झाले आणि १९६१ पासून योजनांचे युग सुरू झाले. पर्यटनासाठी स्वतंत्र सरकारी संघटना याच काळात उभी राहिली. १९६० मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या भागीदारीत थाई इंटरनॅशनल ही विमान कंपनी निघाली आणि हाँगकाँग, तैपेई व टोकियो या मार्गांवर तिची उड्डाणे सुरू झाली. राजधानी परदेशी माणसाच्या नजरेला नीटनेटकी दिसावी या हेतूने सरित यांनी बँकॉकच्या रस्त्यांवरून सामलोर, म्हणजे तीनचाकी सायकलरिक्षा, हटवल्या. त्या चालवणारे बहुतेक जण इसान या ईशान्येकडील कोरडवाहू, गरीब प्रदेशातून आलेले होते. पर्यटनाच्या पहिल्याच धोरणाचा भार इसानच्या माणसावर पडावा, ही गोष्ट पुढच्या इतिहासाकडे पाहता योगायोगाची वाटत नाही.

तरीही केवळ देवळे, राजवाडे आणि रेशीम यांच्या बळावर ही वाढ फार संथ झाली असती. तिला वेग दिला तो शेजारच्या व्हिएतनाममधील युद्धाने. अमेरिकेने थायलंडला साम्यवादविरोधी आघाडीचा तळ मानले होते. अमेरिकी मदतीने बांधलेला ‘मैत्री महामार्ग’ १९५८ मध्येच सराबुरीपासून कोरातपर्यंत पोहोचला होता आणि १९६० च्या दशकात कोरात, उदोन थानी, उबोन, नाखोन फानोम, ताख्ली व उ-तापाओ येथील विमानतळांवरून उत्तर व्हिएतनाम आणि लाओसवर बॉम्बफेकी विमाने झेपावत होती. १९६८-६९ च्या सुमारास थायलंडमधील अमेरिकी सैनिकांची संख्या ४५,००० ते ५०,००० च्या घरात होती. याखेरीज १९६७ मध्ये दोन्ही सरकारांत झालेल्या करारान्वये व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांना काही दिवसांच्या ‘विश्रांती आणि मनोरंजना’च्या रजेवर बँकॉकला पाठवले जाऊ लागले. सैनिकी पगार खिशात घेऊन आलेल्या या तरुणांसाठी हॉटेले, बार आणि मसाज पार्लर यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मच्छीमारांची वस्ती असलेले पट्टाया उ-तापाओच्या तळापासून जवळ असल्यामुळे काही वर्षांतच ओळखू न येण्याइतके बदलले.

कायद्याची भूमिका या बाबतीत दुतोंडी होती. १९६० च्या कायद्याने वेश्याव्यवसायावर बंदी आली होती, तर १९६६ च्या कायद्याने नाचघरे, स्नानगृहे, मसाज पार्लर अशा ‘सेवा आस्थापनां’ना परवाने मिळण्याची सोय झाली, म्हणजे जे एका कलमाने गुन्हा ठरत होते त्याला दुसऱ्या कलमाने छप्पर मिळाले, आणि या दोहोंमधल्या फटीत पोलिसी हप्त्यांची एक समांतर व्यवस्था वाढली. अर्थतज्ज्ञ पासुक फोंगपाइचित यांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेला आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयावरचा पायाभूत दस्तऐवज मानला जातो. बँकॉकच्या मसाज पार्लरमध्ये काम करणाऱ्या खेड्यातील मुलींशी बोलून त्यांनी दाखवले की या मुली घरच्यांशी नाते तोडून पळून आलेल्या नव्हत्या. त्या दर महिन्याला गावी पैसे पाठवत होत्या, त्यातून घराची डागडुजी, शेतीचा खर्च आणि भावंडांच्या शाळेची फी भागत होती. शेती आणि शहर यांच्या उत्पन्नातील दरी हे या स्थलांतराचे कारण होते, आणि जोवर ती दरी आहे तोवर नैतिकतेच्या मोहिमांनी काही साधणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष सरकारला गैरसोयीचा होता.

१९७५ मध्ये सायगाव पडले आणि पुढच्या वर्षी जुलैपर्यंत अमेरिकी सैन्य थायलंडमधून निघून गेले. तळांच्या भोवती वाढलेल्या गावांचे उत्पन्न एकाएकी बंद झाले, परंतु बँकॉक व पट्टाया येथील खाटा रिकाम्या राहिल्या नाहीत. जपानने १९६४ मध्येच आपल्या नागरिकांवरील परदेशप्रवासाचे निर्बंध सैल केले होते, १९७० पासून जम्बो जेट विमानांनी दूरचा प्रवास स्वस्त केला होता, आणि पश्चिम जर्मनी व स्कँडिनेव्हियातील कामगारांना पगारी रजा मिळत होती. सैनिकांसाठी बांधलेली सोय या नव्या पाहुण्यांना जशीच्या तशी उपयोगी पडली. १९७७ ते १९८१ या काळाच्या चौथ्या पंचवार्षिक योजनेत पर्यटनाला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले आणि १९७९ मध्ये जुन्या संघटनेचे रूपांतर थायलंड पर्यटन प्राधिकरणात झाले. दुसऱ्या तेलसंकटाने हैराण झालेल्या सरकारला परकीय चलनाची निकड होती. बँकॉकच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९८२ मध्ये, पर्यटनाची मिळकत तांदळाच्या निर्यातीपुढे गेली. शतकाहून अधिक काळ पहिल्या क्रमांकावर असलेल्या पिकाची जागा हॉटेलच्या खोल्यांनी घेतली, आणि याचा गाजावाजा त्या वेळी फारसा झाला नाही.

हा पालट प्रत्यक्षात कसा घडला हे समजून घ्यायचे तर फुकेत बेटाकडे पाहावे. हे बेट कथिलावर श्रीमंत झालेले होते. खाणीत राबायला आलेल्या चिनी मजुरांच्या वंशजांनी तेथे पेढ्या, देवळे व हवेल्या बांधल्या होत्या आणि किनाऱ्यांची वाळू, जिला पुढे सोन्याचा भाव आला, ती त्या काळात खाणमालकांच्या लेखी नारळाच्या बागांपलीकडची निरुपयोगी जमीन होती. कथील वितळवल्यावर उरणाऱ्या मळीत टँटलम नावाचा धातू असतो, जो इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील कपॅसिटरसाठी लागतो. त्याची किंमत कळल्यावर लोकांनी पूर्वी भराव म्हणून टाकलेली मळी उकरून विकली, आणि ती शुद्ध करण्यासाठी बेटावरच एक मोठा कारखाना उभारण्याचे ठरले. परंतु ऑक्टोबर १९८५ मध्ये भाव सावरून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचे दिवाळे निघाले, लंडनच्या धातुबाजारात कथिलाचे सौदे थांबले आणि भाव कोसळून फुकेतच्या खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. एव्हाना बेटावर हॉटेले उभी राहत होती. टँटलमच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या तीव्र आम्लामुळे हवा-पाणी बिघडेल आणि पर्यटक पाठ फिरवतील, ही भीती दुकानदार, हॉटेलमालक, शिक्षक आणि विद्यार्थी या सगळ्यांत पसरली. २३ जून १९८६ रोजी उद्योगमंत्री फुकेतला येणार म्हणून हजारोंचा जमाव गोळा झाला, आंदोलन हाताबाहेर गेले आणि उद्घाटनाच्या बेतात असलेला कारखाना जमावाने पेटवून दिला.

या घटनेकडे पर्यावरणाच्या चळवळीचा आरंभ म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ती चूक नाही. मात्र तिच्यातला आर्थिक हिशेबही तितकाच स्पष्ट आहे. एका बेटाच्या लोकसंख्येने, जगाच्या बाजारात एक जिन्नस पडत असताना, आपले भवितव्य दुसऱ्या जिनसेवर लावले होते. कारखाना पुढे पूर्व किनाऱ्यावरील रायोंग प्रांतात, माब ता फुत येथील औद्योगिक वसाहतीत गेला, म्हणजे प्रदूषणाची भीती संपली नाही, तिचा पत्ता बदलला. बांग ताओच्या किनाऱ्यावरील खाणीच्या उजाड, विषारी ठरवलेल्या खड्ड्यांत माती व झाडे आणून लगूना नावाची हॉटेलांची वसाहत उभी राहिली आणि १९९४ मध्ये तेथेच सिंगापूरच्या उद्योजकाने बन्यन ट्री हे आलिशान हॉटेल उघडले.

दरम्यान, बँकॉकमध्ये दोन निर्णय झाले होते. प्रेम तिनसुलानोन यांच्या सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये बाटचे अवमूल्यन करून डॉलरचा दर २३ वरून २७ बाटवर नेला, आणि राजे भूमिबोल यांच्या वयाच्या साठीचे, म्हणजे बारा वर्षांच्या पाचव्या फेऱ्याचे, औचित्य साधून १९८७ हे ‘थायलंड भेट वर्ष’ म्हणून जाहीर केले. स्वस्त बाट, मिरवणुका, राजनौकांचा सोहळा आणि जगभर केलेली जाहिरात यांच्या जोरावर प्रवाशांची संख्या एका वर्षात सुमारे २८ लाखांवरून ३५ लाखांपर्यंत वाढली. याच वेळी एक दुसरी लाट येत होती. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत राष्ट्रांनी डॉलर खाली आणण्याचा करार केल्यावर येन इतका महागला की जपानी कंपन्यांना मायदेशात माल बनवणे परवडेना, आणि त्यांचे कारखाने बँकॉकभोवती व पूर्व किनाऱ्यावर येऊ लागले. १९८८ ते १९९० ही सलग तीन वर्षे थायलंडच्या अर्थव्यवस्थेने अकरा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढ नोंदवली. पर्यटन या वाढीचे एकमेव इंजिन नव्हते, कारखान्यांची निर्यात त्याहून मोठी होती. पण यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी लागणारे डॉलर सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर पर्यटकांकडून आले.

या तेजीची सामाजिक किंमत एड्सच्या रूपाने पुढे आली. पर्यटकांना घाबरवायचे नाही म्हणून सरकारने सुरुवातीला हा विषय झाकून ठेवला. १९९१ मध्ये आनंद पन्यारचुन यांच्या सरकारात मेचाय विरवैद्य यांच्याकडे एड्सविरोधी मोहिमेची सूत्रे आली तेव्हा वर्षाला अंदाजे १,४०,००० नवे संसर्ग होत होते. वेश्यागृहांत निरोध सक्तीचा करणारी मोहीम, रेडिओ व दूरचित्रवाणीवरील उघड प्रचार आणि थट्टामस्करीलाही न कचरणारी जाहिरात यांमुळे पुढील बारा वर्षांत हा आकडा २०,००० च्या आसपास उतरला. पाहुण्यांचा विश्वास लपवालपवीपेक्षा उघडपणाने अधिक टिकतो, हे येथे सिद्ध झाले होते, तरी नंतरच्या सरकारांनी हा धडा गिरवला असे म्हणता येत नाही.

१९९३ मध्ये बँकॉक आंतरराष्ट्रीय बँकिंग सुविधा सुरू झाली आणि थाई बँकांना परदेशातून कमी व्याजाने डॉलर उसने घेऊन देशात बाटमध्ये चढ्या व्याजाने देणे सोपे झाले. बाटचा दर डॉलरशी जवळजवळ बांधलेला असल्यामुळे या व्यवहारात जोखीम आहे असे कोणालाच वाटले नाही. पैसा जमीन, गगनचुंबी इमारती, गोल्फ मैदाने आणि हॉटेलांत ओतला गेला. कर्जे अल्पमुदतीची होती आणि इमारती दीर्घमुदतीच्या. १९९६ मध्ये निर्यातीची वाढ थांबली, चालू खात्यातील तूट, म्हणजे परदेशाशी झालेल्या एकूण देवघेवीतील तोटा, सकल उत्पन्नाच्या आठ टक्क्यांजवळ गेली होती आणि सट्टेबाजांनी बाटवर हल्ले सुरू केले. ते परतवताना मध्यवर्ती बँकेने वायद्यांच्या करारांत आपली गंगाजळी अडकवली आणि जून १९९७ अखेर खरोखर वापरता येतील असे तीन अब्ज डॉलरही तिच्याकडे उरले नव्हते. २ जुलै १९९७ रोजी चवलित योंगचाइयुत यांच्या सरकारने बाट मोकळा सोडला. २५ बाटला मिळणारा डॉलर जानेवारी १९९८ मध्ये ५६ बाटला पोहोचला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १७.२ अब्ज डॉलरचे कर्ज जुळवून दिले, कामकाज थांबवलेल्या ५८ वित्तसंस्थांपैकी ५६ कायमच्या बंद झाल्या, आणि बँकॉकमध्ये ‘पूर्वीच्या श्रीमंतांचा बाजार’ भरू लागला, जिथे मोटारी आणि मनगटी घड्याळे मिळेल त्या भावाने विकली जात. साथोर्न भागातील एक उत्तुंग निवासी इमारत अर्धवट राहिली ती पुढे अनेक वर्षे तशीच उभी होती.

या संकटात सरकारचा हात पुन्हा पर्यटनाकडे गेला. १९९८ आणि १९९९ या वर्षांसाठी ‘अमेझिंग थायलंड’ ही मोहीम जाहीर झाली. पडलेल्या बाटमुळे युरोपीय प्रवाशाला थायलंड जवळपास निम्म्या किमतीत मिळू लागले आणि आशियातील श्रीमंत शेजारी स्वतः संकटात असूनही १९९७ मधील ७२ लाख प्रवाशांची संख्या पुढच्या वर्षी ७७ लाखांवर आणि १९९९ मध्ये ८५ लाखांवर गेली. ही मोहीम थाई प्रशासनाच्या यशोगाथांत मिरवली जाते, परंतु आकडे जरा बारकाईने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पर्यटनाची मिळकत बाटमध्ये २२० अब्जांवरून २४२ अब्जांवर गेली खरी, पण त्या दोन वर्षांच्या सरासरी विनिमय दराने हिशेब केला तर डॉलरमधील मिळकत सुमारे सात अब्जांवरून सहा अब्जांच्या आत उतरते. अधिक माणसे आली, अधिक खाटा-चादरी धुतल्या गेल्या, अधिक पाणी उपसले गेले आणि जगाकडून मिळालेला मोबदला कमी झाला. संख्येलाच यश मानण्याची जी सवय या काळात पक्की झाली ती पुढे वीस वर्षे सुटली नाही.

शहरातून रोजगार गमावलेले लाखो लोक संकटाच्या त्या काळात इसान व उत्तरेकडील आपापल्या गावी परतले. बेरोजगारांची संख्या दहा लाखांपुढे गेली असताना गावातल्या भाताच्या खाचरांनी आणि आईवडिलांच्या घरांनी जो भार पेलला त्याची नोंद नाणेनिधीच्या तक्त्यांत नाही. डिसेंबर १९९७ मधील वाढदिवसाच्या भाषणात राजे भूमिबोल यांनी वाघ होण्यापेक्षा पोटापुरते पिकवण्याला महत्त्व आहे अशा आशयाचा जो विचार मांडला, त्याला पुढे सरकारी तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळाला; धोरण मात्र पर्यटनाच्याच मार्गाने गेले.

२००१ ते २०१४ या काळात या उद्योगावर इतके आघात झाले की त्याची लवचीकता दंतकथा बनली. २००३ मध्ये सार्सची साथ आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने खाओ लाक, फी फी आणि फुकेतच्या किनाऱ्यांवर ५,३०० हून अधिक लोकांचा बळी घेतला आणि त्यांत परदेशी पर्यटकांची संख्या जवळपास निम्मी होती. २००६ मध्ये लष्करी बंड झाले, २००८ च्या अखेरीस सरकारविरोधी पिवळ्या सदऱ्यांच्या आंदोलकांनी दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेले सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर अडवून धरले, २०१० मध्ये त्यांच्या विरोधी गटाच्या लाल सदऱ्यांनी बँकॉकच्या बाजारपेठेचा मध्यभाग व्यापला, २०११ मध्ये महापूर आला आणि २०१४ मध्ये पुन्हा बंड झाले. प्रत्येक वेळी संख्या काही महिने घसरून पूर्वीपेक्षा वर गेली. या सातत्यामागे स्वस्त विमान कंपन्यांचा प्रसार होता, आणि त्याहून अधिक, चीनच्या मध्यमवर्गाचा उदय होता. २०१२ च्या अखेरीस थायलंडमध्ये चित्रित झालेला ‘लॉस्ट इन थायलंड’ हा विनोदी चित्रपट चीनमध्ये विक्रमी चालला आणि चिआंग माइकडे चिनी तरुणांची रीघ लागली. २०१२ मधील एकूण सव्वादोन कोटी प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये चार कोटींच्या जवळ गेली आणि त्यांत चिनी प्रवासी एक कोटी दहा लाखांच्या आसपास होते.

एकाच देशावर इतके विसंबण्याचे दोष लपून राहिले नाहीत. ‘शून्य डॉलर सहली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात चीनमधील प्रवाशाला सहल खर्चापेक्षाही कमी दरात विकली जाई आणि तूट भरून काढण्यासाठी त्याला ठरावीक दुकानांतून रत्ने, चामड्याच्या वस्तू किंवा लॅटेक्सच्या उश्या चढ्या भावात घ्यायला लावत. बस, दुकान, हॉटेल यांची मालकी अनेकदा एकाच साखळीत असल्याने पैसा थाई गावापर्यंत झिरपण्याआधीच परत जाई. २०१६ मध्ये सरकारने यावर कारवाई केली तेव्हा चिनी प्रवाशांची संख्या लगेच घसरली. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ बोट बुडून ४७ चिनी पर्यटक मरण पावले आणि ही संख्या पुन्हा घसरली. निसर्गानेही आपली बाजू मांडली होती: ‘द बीच’ या चित्रपटामुळे प्रसिद्धी पावलेल्या, जेमतेम काही शे मीटर लांबीच्या माया बे किनाऱ्यावर दिवसाला हजारो माणसे उतरत असल्याने तेथील प्रवाळ नष्ट होत गेले आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला.

१३ जानेवारी २०२० रोजी चीनबाहेरील पहिला कोविड रुग्ण थायलंडमध्येच सापडला. तो वुहानहून आलेला पर्यटक होता, आणि वुहानमधून या देशात किती प्रवासी येत होते हे पाहता त्यात नवल नव्हते. मार्चच्या अखेरीस आणीबाणी लागू झाली आणि एप्रिलपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली. २०१९ मध्ये परदेशी पाहुण्यांनी खर्च केलेले १.९ लाख कोटी बाट देशाच्या उत्पन्नाच्या अकरा टक्क्यांहून अधिक होते. ते जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले. २०२० मध्ये अर्थव्यवस्था सहा टक्क्यांनी आकसली आणि २०२१ या अख्ख्या वर्षात फक्त ४,२८,००० प्रवासी आले, म्हणजे १९६० च्या दशकातील पातळी. १९९७ आणि २०२० यांतील फरक येथे लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्या संकटाचा धडा मध्यवर्ती बँकेने मनावर घेतला होता, तिच्या तिजोरीत २०० अब्ज डॉलरहून कितीतरी अधिक गंगाजळी होती आणि बाटला कोणी धक्का लावू शकले नाही. पण स्वस्त बाटने पाहुणे बोलावण्याचा जुना उपायही या वेळी निकामी होता, कारण पाहुण्यांच्याच दाराला कुलूप होते.

सरकारने अनौपचारिक कामगारांना, म्हणजे ज्यांना ना मासिक पगार ना सामाजिक विमा अशांना, तीन महिने ५,००० बाट देण्याची योजना आणली तेव्हा दोन कोटींहून अधिक लोकांनी अर्ज केले. मालिश करणाऱ्या बायका, टुकटुकवाले, रस्त्यावर पाड थाई विकणारे, बोटींवरचे नावाडी यांची एवढी मोठी संख्या राज्याच्या नोंदवहीत आधी कधीच दिसली नव्हती. रस्त्याकडेला ‘सुख वाटणारी कपाटे’ उभी राहिली, ज्यांत कोणीही तांदूळ किंवा डबाबंद मासे ठेवावेत आणि कोणीही न्यावेत. गावी परतण्याचा मार्ग या वेळीही लोकांनी धरला, मात्र १९९७ च्या तुलनेत खेडी अधिक म्हातारी झाली होती, जमिनीचे तुकडे लहान झाले होते आणि घरोघरी कर्ज होते. २०२१ मध्ये कुटुंबांचे एकूण कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले. १ जुलै २०२१ रोजी ‘फुकेत सँडबॉक्स’ योजनेखाली लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना विलगीकरणाविना बेटावर उतरू देण्यात आले आणि त्यासाठी फुकेतच्या रहिवाशांना बाकी देशाच्या आधी लस दिली गेली. ज्या बेटाने पस्तीस वर्षांपूर्वी कारखाना जाळून पर्यटनाची निवड केली होती, तेच बेट आता पर्यटन परत आणण्याच्या प्रयोगाची जागा ठरले होते.

२०२२ नंतर विमाने परतली, पण पाहुण्यांचा क्रम बदलला. चीनची सीमा उशिरा उघडली, तेथील घरांच्या बाजारातील मंदीने मध्यमवर्ग खर्चाला कचरू लागला आणि २०२५ च्या आरंभी एका चिनी अभिनेत्याचे थायलंडमार्गे म्यानमारमधील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर अपहरण झाल्याचे वृत्त पसरल्यावर चिनी कुटुंबांनी सहली रद्द केल्या. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश मिळाला आणि २०२४ मध्ये एकूण साडेतीन कोटी प्रवाशांत भारतीयांची संख्या २१ लाखांच्या पुढे गेली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची पहिली परदेशवारी बँकॉक-पट्टायाची असणे ही तोवर नित्याची गोष्ट झाली होती; नवीन होते ते फुकेत व हुआ हिनच्या किनाऱ्यांवर अख्खे हॉटेल घेऊन होणारे विवाहसोहळे, ज्यांसाठी तेथील हॉटेलांनी शाकाहारी आणि जैन स्वयंपाकाची वेगळी सोय केली. तरीही दोन दशलक्ष भारतीय एक कोटी चिन्यांची जागा भरून काढतील अशी आशा थाई हॉटेलमालकांनाही नव्हती.

म्हणून राज्यकर्ते नवी आकर्षणे शोधत राहिले. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला आणि बँकॉकपासून कोह सामुईपर्यंत त्याची हजारो दुकाने उघडली. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून ती मोकळीक आखडण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कसिनोसह ‘मनोरंजन संकुले’ उभारण्याच्या विधेयकाला संमती दिली, पर्यटनाची मिळकत वाढेल हे त्याचे घोषित कारण होते. रस्त्यावरचा विरोध आणि सरकारची डळमळलेली अवस्था यांमुळे जुलैमध्ये ते मागे घेतले गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्रवाशांची एकूण संख्या, साथीचा काळ वगळता बऱ्याच वर्षांनी प्रथमच, आदल्या वर्षापेक्षा कमी भरली.